ओढ की सोड

८ जानेवारी

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. माझ्या पाठीमागं काहीतरी शिजून राहिलंय. उद्या ते माझ्यावरच शेकलं तर हातात पुरावा पायजे. नाव व्यंकटी, गाव रेणापूर तालुक्यातलं, सध्या मुक्काम इस्लापूर, बायको उज्वला सोबत. काम बोगद्यात, खालचा मुकादम.

कामाचंही लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. डोंगराच्या पोटातून पाण्याचा बोगदा चाललाय. त्याला हवेसाठी उभी विहीर पायजे. ही विहीर उलटी, खालून वर खणतात. डोंगराच्या माथ्यावर मशीन बसवलीय. तिनं आधी वरून एक बारीक भोक पाडून थेट बोगद्याच्या छतातून खाली काढलं. आता त्या भोकातून आलेल्या लोखंडी नळ्यांना खाली आम्ही दातांचं मोठं चाक जोडणार. कागदावर त्याला रीमर म्हणतात, आमची माणसं जातं म्हणतात. मग मशीन ते जातं फिरवत फिरवत वर ओढून नेते. खडक दळला जातो, खडी खाली बोगद्यात पडते आणि केरबा लोडरनं उचलून बाहेर नेतो.

वर मशीनवर ईश्वरप्पा, देगलूरचा. खाली मी. मध्ये फोनची एक तार. तो 'ओढतो' म्हणाला की नळ्या वर चालल्या, 'सोडतो' म्हणाला की खाली येऊन राहिल्या. त्यावर मी ठरवायचं, माणसं पुढं घ्यायची का मागं. जात्याखाली कोणी सापडलं तर उचलायला काही उरत न्हाई. अर्धी हयात मी बोगद्यात घातली, पार हिमाचलपर्यंत गेलो, पण माझ्या हाताखालचा एक माणूस दगावला न्हाई. माझी कमाई म्हणाल तर तेवढीच. अन् तीच कोणाच्या तरी डोळ्यात खुपतीय.

११ जानेवारी

आज जातं जोडायचं काम. बुद्धप्रिया मॅडम खाली आल्या होत्या. लातूरच्या आहेत, इंजिनिअर, बोलायला लई गोड, पण आजकाल इतकं हळू बोलतात की वाटतं गुपितच सांगून राहिल्या. पूर्वी खणखणीत बोलायच्या. मी आलो की आवाज खाली.

ईश्वरप्पानं नवीन टूम काढली. म्हणे, "व्यंकटअण्णा, मी जे म्हणतो ते तुम्ही परत म्हणायचं. मग मी लिव्हर हलवतो." मी काय बालवाडीत आहे? पण मॅडम समोर होत्या, म्हणून गप बसलो.

तर झालं काय, तो म्हणाला 'ओढतो'. मी म्हणालो 'ओढ'. मशीन गप. पुन्हा तो म्हणाला 'ओढतो'. मी ओरडलो, "ओढ म्हणलं की बाबा!" तरी गप. मग मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला, काहीतरी बोलल्या, अन् नळ्या हलल्या, पण खाली. माणूस स्वतःच म्हणतो ओढतो आणि खाली सोडतो! मला सगळ्यांसमोर येडं ठरवायचं होतं, दुसरं काय. केरबा तोंड फिरवून हसत होता.

१२ जानेवारी

कालचंच. दिवसभर तीन-चारदा मशीन थांबली, दर वेळी मी परत म्हणाल्यावरच. जातं बसलं एकदाचं, पण नाव माझं खराब. मुकादमामुळं उशीर झाला असं वर लिहिलं गेलं असणार.

ईश्वरप्पाचा एक मेहुणा देगलूरला असतो, असं केरबाकडून कळलं. रिकामाच बसला असणार. आता सगळी गणितं जुळली. त्याला माझी जागा पायजे.

आणखी एक. समोरासमोर बोलताना हा माणूस माझ्याकडं बघत न्हाई. तोंड डावीकडं फिरवतो, जसं काही भिंतीशी बोलतोय. ज्याच्या मनात पाप तो नजर कशी मिळवणार?

१७ जानेवारी

जातं वर चढून राहिलंय. खडक काळा, टणक, कामाला झकास. खडी पडते तेव्हा पायाखालची जमीन थरथरते, ते मला आवडतं. बोगद्यात उभं राहून मला तळव्यांनीच कळतं, वरची मशीन खुशीत आहे का कुरकुर करून राहिलीय. तेवढा माझा अनुभव हाय.

ह्या मशीननं जंगलाचं वाटोळं केलं मात्र. सकाळी सागाच्या झाडांतून येतो, एक पाखरू बोलत न्हाई. साळुंक्या बसलेल्या दिसतात, चोची उघडतात-मिटतात, पण आवाज न्हाई. धुळीनं त्यांचे गळे बसले असतील.

२१ जानेवारी

आज मला जाणूनबुजून खड्ड्यात घातलं.

फोनवर ईश्वरप्पा म्हणाला, "आत नळ्या राहिल्या." नळ्या भोकात तुटून राहिल्या म्हणजे जातं अधांतरी लटकलेलं! मी भोंगा वाजवला, सगळी माणसं बाहेर काढली, केरबाला लोडर सोडून पळायला लावलं. मॅडम धापा टाकत आल्या. वर फोन लावला तर ईश्वरप्पा म्हणतोय, "मी म्हणालो सात. आजच्या पाळीत अजून सात नळ्या राहिल्या."

सगळे हसले. मॅडम हसल्या न्हाईत. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, तुमची शेवटची तपासणी कधी झाली?" मी म्हणालो, माझी तपासणी कशाला, त्या फोनची करा. त्यावर त्यांनी फोन बदलून दिला. नवीन फोनही तसलाच, सगळं बोलणं तोंडात बोळा कोंबल्यासारखं.

मॅडमचेही कान भरलेत त्यानं, आता शंका न्हाई.

२५ जानेवारी

घरात पण काही खरं न्हाई.

आज पाळीवरून आलो तर उज्वला फोनवर बोलत होती. मला बघून ठेवून दिला. कोणाचा म्हणलं, तर म्हणे भावाचा. नंतर ती पाण्याला गेल्यावर मी फोन बघितला. नंबर ईश्वरप्पाचा! माझ्या बायकोशी त्याचं काय काम? मी विचारलं न्हाई. अजून किती खोटं बोलते ते बघायचंय.

कुकर पण नवीन आणलाय, शिटीच न देणारा. मला सांगते, तीन शिट्या झाल्या की गॅस बंद करा, आणि स्वतः जाते शेजारी. मी कुकरसमोर बसलेला, एक शिटी झाली न्हाई. डाळ करपली तर माझ्यावरच खेकसली. टीव्हीचंही तेच, मी लावला की येऊन बारीक करते. म्हणे गल्ली गोळा होईल.

३१ जानेवारी

आजचं लिहूनच ठेवतो.

सकाळी मी अंगोळीला बसलो होतो. उज्वला मागून दाराशी आली आणि सरळ म्हणाली, "आपण संपलो."

इतक्या वर्षांचा संसार. मी बाहेरगावी बोगद्यांत, तिनं एकटीनं लेकरं वाढवली, सासू-सासऱ्याचं केलं. आता कुठं एका छपराखाली राहायला मिळालं, तर ही म्हणते आपण संपलो. मी मान वर केली न्हाई. म्हणालो, "संपलो तर संपलो. तुला रेणापूरला जायचं तर जा, मी अडवणार न्हाई."

ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग पिशवी घेतली आणि तरातरा निघाली. मला वाटलं, गेली. पाठमोरी बघून छातीत कळ आली, खोटं कशाला बोलू. पण अर्ध्या तासात परत आली, पिशवीतून दोन साबणाच्या वड्या काढून माझ्यासमोर आपटल्या आणि स्वयंपाकाला लागली. दिवसभर बोलली न्हाई. बायकांचं डोकं कळत न्हाई. जायचं ठरवलं असेल, दुकानापाशी मन बदललं असेल.

६ फेब्रुवारी

मी ते 'परत म्हणा' बंद केलंय. ईश्वरप्पा काही बोलला की मी 'हाव' म्हणतो, बस. पहिल्या दिवशी त्यानं मशीन अडवून धरली, "म्हणा अण्णा, म्हणा." मी म्हणालो, "तुझ्या बापाचा नोकर न्हाई मी. काम करायचं तर कर." नवीन जागेसाठी मेहुण्याला कपडे शिवायला सांग, असंही सुनावलं. मग मशीन चालू झाली.

जिंकलो. माणसाला एकदा ताठ उभं राहावं लागतं.

१० फेब्रुवारी

खडकात लाल गेरूचा पट्टा लागला. जात्याचे दात गेरू खाऊन बसले आणि त्याच्यावरच्या टणक खडकात झिजले. आता जातं पुन्हा खाली आणून दात बदलायचे. उद्या-परवा.

उज्वला म्हणते तिचं पोट दुखून राहिलंय, नांदेडला डॉक्टरकडं चला. एवढ्यात तर ठणठणीत होती. मला कामावरून हलवायचा हा डाव. दात बदलायच्या दिवशी मी गैरहजर आणि माझ्या जागी देगलूरचा मेहुणा! म्हणालो, काम झाल्यावर जाऊ.

१२ फेब्रुवारी

आज मला मारायचा प्रयत्न झाला. जसं घडलं तसं लिहितो.

दात बदलून झाले. जातं बोगद्यात कमरेएवढ्या उंचीवर लटकत होतं, हत्तीएवढं धूड. त्याच्या खाली लाकडी ओंडके मांडायचे, त्यावर ते टेकवायचं, मग शेवटचे बोल्ट आवळायचे. एक ओंडका वाकडा पडला होता. फोन वाजला. ईश्वरप्पा म्हणाला, "ओढतो." मी म्हणालो, "हाव." वर जातंय म्हणजे चांगलंच, जागा होईल. फोन ठेवला आणि मी ओंडका सरळ करायला खाली वाकलो, डोकं आत घातलं.

तेवढ्यात कोणीतरी मागून माझी कॉलर धरली आणि मला ओढून चिखलात फेकलं. उताणा पडलो. बघतो तर केरबा! माझ्या हाताखालचं पोरगं माझ्यावर हात टाकतं! मी उठून त्याच्या थोबाडीत दिली. त्यानं खाल्ली. तो नुसता बोट दाखवत होता, ओठ हलत होते, डोळ्यांत पाणी.

मी मागं वळून बघितलं. जातं ओंडक्यांवर बसलं होतं. वाकडा ओंडका फुटून त्याच्या काटक्या झालेल्या. माझं डोकं होतं तिथं आता बोट घालायलासुद्धा फट न्हाई.

ओढतो म्हणून सोडलं. ईश्वरप्पानं माझ्या मरणाची तयारी केली होती. उद्या मॅडमसमोर हे पान ठेवणार.

१३ फेब्रुवारी

ठेवलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ईश्वरप्पाला खाली बोलावलं. तो रडत होता. "अण्णा, देवाशप्पथ मी सोडतो म्हणालो. तुम्ही हाव म्हणाला." मी म्हणालो, ओढतो म्हणालास. केरबा म्हणाला, "मामा, मी मागून किती आरडून राहिलो होतो. सरका सरका म्हणून घसा फाटला. तुम्ही मान पण फिरवली न्हाई." मी म्हणालो, तू ओरडलाच न्हाईस.

मग मॅडम म्हणाल्या, आपण बघूनच घेऊ. ईश्वरप्पाला वर पाठवलं. फोनचा आवाज मोकळा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हणाल्या, "तो काय म्हणतो ते काका आधी सांगतील, मग केरबा."

तार खरखरली. "ओढतो."

मी छाती पुढं काढून म्हणालो, "ऐका, ओढतो."

केरबा खाली बघत म्हणाला, "सोडतो म्हणला."

दुसऱ्यांदा. मला ओढतो. केरबाला सोडतो. मॅडमनाही सोडतो. तिसऱ्यांदा मी ओढतो म्हणालो, तर केरबा म्हणाला, "आता बरोबर." त्या एका वेळेलाच बरोबर.

मी म्हणालो, तुम्ही सगळे मिळालेले आहात. मॅडम माझ्या मागं गेल्या. मी त्यांची वाट बघत समोरच्या भिंतीकडं बघत बसलो, आता पुढं येतील, मग येतील. बऱ्याच वेळानं त्या पुढं आल्या. केरबा रडत होता. "काका," मॅडम माझ्या तोंडासमोर तोंड आणून मोठ्यानं म्हणाल्या, "मी मागून तुम्हाला पाच वेळा हाक मारली."

मी बाहेर आलो. सागाखाली बसलो. साळुंक्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

१५ फेब्रुवारी

नांदेड. उज्वलाचं पोट अर्थातच ठणठणीत. आधीपासून कानाच्या डॉक्टरचाच नंबर लावून ठेवला होता तिनं, ईश्वरप्पाशी बोलून. मला एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. बाहेर बसलेल्या पोरीनं निम्मा वेळ मशीन चालूच केली न्हाई, असं मला वाटलं. तसं मी तिला सांगितलंही. ती बिचारी नुसती हसली.

डॉक्टर म्हणाले, मोठ्या मशीनींजवळ राहून राहून कानाचा बारीक आवाज धरणारा भाग गेलाय. जाडा आवाज येतो, बारीक न्हाई. शिटी, पाखरं, आणि बोलण्यातला स, श. म्हणून तुम्हाला वाटतं लोक कुजबुजतात.

मी विचारलं, "परत येईल का?" न्हाई म्हणाले. यंत्र लावलं तर काम भागेल.

यायला बस धरली. ईश्वरप्पा पण आला होता, मी बोलावलं न्हाई तरी. खिडकीची जागा मोकळी होती, ती सोडून हट्टानं माझ्या डाव्या बाजूला बसला. मी म्हणालो, आता तरी मोकळा बस. त्यानं स्वतःच्या डाव्या कानाजवळ हात नेला. "हा गेलाय, अण्णा. कर्नाटकात असताना. उजवा तुमच्याकडं ठेवावा लागतो, न्हाईतर तुमचं कळत न्हाई."

बोलताना तोंड फिरवायचा ते म्हणजे उजवा कान पुढं करायचा तर!

"म्हणून परत म्हणायला लावतो," तो म्हणाला. "तुम्हाला कमी लेखायला न्हाई. मला माझ्यावरच भरवसा नसतो. तुमचं ऐकून माझं पक्कं करतो. तुम्ही दर वेळी ओढ म्हणाला तेव्हाच कळलं मला, तुमचंही माझ्यासारखंच झालंय. वैनींना फोन केला तो त्यासाठी."

मी मेहुण्याचं विचारलं. म्हणे, त्याचं देगलूरला बियाण्याचं दुकान हाय, बोगद्यात यायची त्याला भीती वाटते. मग मला रडूच आलं. बसमध्ये, सगळ्यांसमोर. खालची जागा गेली, हे आता पक्कं झालं होतं. ज्या कामात मी कोणाला मरू दिलं न्हाई, त्याच कामात मीच आता सगळ्यात धोक्याचा माणूस.

१७ फेब्रुवारी

केरबाच्या घरी गेलो. त्याची बायको महानंदा दारात होती. मी म्हणालो, तुझ्या नवऱ्यानं माझा जीव वाचवला आणि मी त्याच्या थोबाडीत मारली. केरबा आतून आला, म्हणाला, "मामा, चहा घ्या." बस एवढंच. खालचा फोन आता केरबाकडं.

मॅडमनी दोन्ही शब्द बदलले. ओढ-सोड बंद, वर-खाली चालू. मी म्हणालो, माझ्यापायी कशाला, मी तर आता फोनवर न्हाई. ईश्वरप्पा म्हणाला, "माझ्यापायी."

४ मार्च

आज विहीर फुटली, माथ्यापर्यंत आरपार झाली. मला माथ्यावर ईश्वरप्पाशेजारी बसवलं होतं, मॅडमची मेहेरबानी. कानात यंत्र. मशीनचा असला खणखणाट डोक्यात घुसला की वाटलं उपटून फेकावं. मग जमीन तडकली आणि जातं चिखलमातीसकट वर आलं, खालची हवा फसकन तोंडावर आली. खाली केरबा फोनवर म्हणाला, "मामा, उजेड दिसून राहिला!"

मला स्पष्ट ऐकू आलं. मी म्हणालो, "उजेड." तो म्हणाला, "हाव, उजेड."

मॅडमनी भाषण केलं. ईश्वरप्पाला वाऱ्यामुळं ऐकू येत न्हवतं, मी यंत्र काढून ठेवलं होतं. दोघांनीही टाळ्या वाजवल्या.

५ मार्च

आज सुट्टी. घरी यंत्र लावलं, पण उज्वलाला सांगितलं न्हाई. अंगोळीचं निमित्त करून दगडावर पाठमोरा बसलो. म्हणलं, बघू तरी, माझ्या मागं काय बोलते. सवय लगेच जाते थोडीच.

आधी कुकरची शिटी झाली. इतकी जोरात की मी दचकून तांब्या पाडला. तिला वाटलं असेल, हातातून निसटला. मग दाराशी आली. मी मान वळवली न्हाई. तिला वाटलं, मला ऐकू येत न्हाई. हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "साबण संपला म्हणाले होते हो मी त्या दिवशी. साबण. म्हणे रेणापूरला जा. तुम्हाला सोडून कुठं जाते मी?"

प्रत्येक स ऐकू आला. माझ्यानं मान वळवेना, डोळे भरले होते. पण नियम म्हणजे नियम, ऐकलं ते परत म्हणायचं. मी भिंतीकडं बघूनच म्हणालो, "तुम्हाला सोडून कुठं जाते मी."

मागं तिच्या बांगड्या वाजल्या. मग ती म्हणाली, "बरोबर."